आवाजाचे सोंग

१

काही वाद वरवर पाहता केवळ उपकरणांचे वाटतात. कोणते यंत्र चांगले, कोणते स्वस्त, कोणते टिकाऊ एवढाच त्यांचा विषय आहे असा समज होतो, आणि रसिक माणूस ते दुकानदारांवर सोपवून मोकळा होतो. इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्यांत गेली पंचवीसएक वर्षे जो वाद धुमसतो आहे, तो याच जातीचा. व्हॉल्व्हचा खरा अँप्लिफायर आणि स्पीकरचा लाकडी खोका यांवाचून गिटारीला आवाज नाही, असे एका पक्षाचे म्हणणे. त्या आवाजाची हुबेहूब प्रतिकृती करणारे ‘मॉडेलर’ नावाचे डिजिटल यंत्र आता इतके सुधारले आहे की तो जड खोका वाहत फिरणे हा निव्वळ हट्ट होय, असे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात राहणाऱ्या माणसाला या वादाशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, हा वाद आमच्या अंगणात केव्हाच येऊन पोचला आहे. फक्त गिटारीच्या जागी तारपा आहे आणि मॉडेलरच्या जागी कीबोर्ड. पण तारप्याकडे येण्यापूर्वी गिटारवाल्यांचे भांडण नीट समजून घेतले पाहिजे; कारण ते त्यांनी आपल्यापेक्षा अधिक बारकाईने भांडले आहे.

सतारीला भोपळा असतो, सारंगीला कातड्याने मढवलेले पोट असते. इलेक्ट्रिक गिटार ही बहुधा भरीव लाकडाची फळी. तारेचे कंपन तिच्याखाली बसवलेल्या चुंबकाच्या वेटोळ्याला कळते, त्यातून क्षीण विद्युत्प्रवाह निघतो, आणि तो वाढवून स्पीकरमधून ऐकवण्याचे काम अँप करतो. म्हणजे अँप हा गिटारीचा भोपळाच झाला. सभेत भाषणासाठी लावतात त्या लाऊडस्पीकरने आवाज जसाच्या तसा मोठा करावा अशी अपेक्षा असते. गिटारवाला अँप बाळगतो तो मात्र आवाज बदलावा म्हणून. आरंभी अशी योजना मुळीच नव्हती. अमेरिकेतल्या फेंडर कंपनीने १९५० नंतरच्या दशकात ‘बासमन’ नावाचा अँप काढला तो खर्जाच्या गिटारीसाठी. इतर गिटारवाल्यांनी तो उचलला, ताकदीबाहेर चढवला, आणि व्हॉल्व्ह गुदमरून जो फाटका, खरबरीत आवाज निघाला त्याच्या ते प्रेमात पडले. १९६४ साली लंडनच्या ‘किंक्स’ या चमूतल्या सतरा वर्षांच्या डेव्ह डेव्हिसने तर आपल्या लहानशा अँपच्या स्पीकरचा कागद ब्लेडने चिरला, आणि त्या चिरेतून निघालेला आवाज जगभर ऐकला गेला. इंजिनिअरच्या वहीत जो दोष, तो वादकाच्या हाती गुण झाला.

मॉडेलर या सगळ्याचे गणित मांडतो. १९९८ साली अमेरिकेतल्या लाइन सिक्स कंपनीने घेवड्याच्या दाण्याच्या आकाराचे एक लाल यंत्र बाजारात आणले. त्यात अनेक नामांकित अँपांचे आवाज बटणासरशी हजर होत. २०११ मध्ये जर्मनीतल्या केम्परने याहून पुढचे पाऊल टाकले. समोरच्या खऱ्या अँपमध्ये ठरावीक चाचणीचे आवाज सोडायचे, खोक्यापुढे मायक्रोफोन ठेवायचा, आत काय गेले आणि बाहेर काय आले याची तुलना करून त्या अँपचे जणू चित्रच उतरवून घ्यायचे. अलीकडे हेच काम शिकणाऱ्या संगणकी जाळ्यांकडून करून घेतात. आज अशी वेळ आली आहे की, ध्वनिमुद्रण डोळे मिटून ऐकवले तर भल्याभल्या वादकांनाही अस्सल कोणते आणि नक्कल कोणती हे खात्रीने सांगता येत नाही.

हे कबूल करावे. अस्सलाच्या बाजूने बोलणारे पुष्कळ लोक येथेच अडखळतात. फरक ऐकू येतोच, असा त्यांचा आग्रह असतो. आणि दर वर्षी यंत्र सुधारले की त्यांच्या आग्रहाखालची जमीन वितीवितीने सरकते. ज्याचा सगळा पक्ष कानाच्या परीक्षेवर उभा आहे, त्याचा पराभव आज ना उद्या ठरलेलाच.

२

परंतु ‘फरक ओळखता येतो का?’ हा प्रश्नच अपुरा आहे. चांगल्या छायाचित्रातला माणूस ओळखू येतो. म्हणून छायाचित्राला हाक मारली तर ते ओ देत नाही.

मॉडेलर ज्याची प्रतिकृती करतो ते नेमके काय? तर अँपपुढे एका जागी ठेवलेल्या मायक्रोफोनला जे ऐकू आले ते. खोलीत उभ्या असलेल्या वादकाला जे ऐकू येते ते याहून निराळे असते. खोक्यातून निघालेली हवा त्याच्या पोटऱ्यांवर आदळते, भिंतीवरून परतते, आणि आवाज पुरेसा मोठा असेल तर गिटारीच्या तारांनाही पुन्हा हलवते. तार अँपला हलवते, अँप तारेला हलवतो. एक पाऊल पुढे सरले की सूर चढतो, मान वळवली की मालवतो. हा निव्वळ आवाज नव्हे, हा संवाद आहे. आता कोणी म्हणेल की मॉडेलरही मोठ्या स्पीकरमधून सोडला तर तारा तशाच थरारतात. बरोबर आहे. म्हणजे फरक यंत्राच्या पोटात नाही, यंत्र वापरण्याच्या रीतीत आहे. कानाला हेडफोन लावून चौथ्या मजल्यावरच्या खोलीत वाजवणाऱ्या मुलाला मॉडेलरने शेजाऱ्यांच्या शिव्यांपासून वाचवले, हा त्याचा उपकार मोठाच. पण त्या मुलाला समोरून काही उत्तर येत नाही, हेही तितकेच खरे.

दुसरा मुद्दा याहून महत्त्वाचा. नक्कल ही काही आजची गोष्ट नाही, आणि नकलेतून अस्सल जन्मते याचे दाखले हवे तेवढे आहेत. १९६२ साली लंडनमध्ये जिम मार्शल या वाद्यविक्रेत्याच्या दुकानात तयार झालेला पहिला अँप हा त्या अमेरिकन बासमनची सरळसरळ नक्कल होता. परदेशी अँप महाग पडत, म्हणून तो उघडून पाहिला आणि तसाच बांधला. पण व्हॉल्व्ह, ट्रान्स्फॉर्मर, स्पीकर हे सामान इंग्लंडात मिळेल ते घ्यावे लागले, आणि नक्कल चुकली. त्या चुकीतून जो आवाज निघाला त्यावर पुढे एक सबंध संगीतपरंपरा उभी राहिली. आज मॉडेलरमध्ये बासमन आणि मार्शल हे दोन स्वतंत्र अस्सल म्हणून शेजारी शेजारी बसलेले असतात.

आपल्याकडे हार्मोनियमचे असेच झाले. परदेशी पायपेटीची ती देशी आवृत्ती. कलकत्त्याच्या कारागिरांनी पायाचा भाता हाताशी आणला आणि बैठकीवर बसून वाजवण्याजोगे वाद्य केले. तिच्या ठरावीक स्वरांना मींड जमत नाही, श्रुती सापडत नाहीत, म्हणून आकाशवाणीने तिला १९४० पासून १९७१ पर्यंत दाराबाहेर ठेवले. ही बंदी चालू असतानाही गोविंदराव टेंब्यांची पेटी ऐकलेल्या महाराष्ट्राला ते वाद्य परके आहे असे कोणी पटवून देऊ शकले नाही. बेंजोची कथा तर याहून नवलाची. १९१२ साली जपानातल्या नागोया शहरी टायपरायटरसारख्या कळा लावलेले एक तंतुवाद्य निघाले. ते हिंदुस्थानात बुलबुलतरंग झाले. मुंबई-कोकणात त्याला वीज जोडली गेली, आणि गणपतीच्या मिरवणुकीतला बेंजो अवतरला. आज त्याला जपानी म्हणणारा कोणी भेटणार नाही.

या तिन्ही उदाहरणांत नक्कल करणाऱ्याला हुबेहूब करणे साधले नाही. हातचे सामान, इथला कारागीर, इथले गाणे यांनी ती नक्कल वाकवली. मॉडेलरचे सामर्थ्य आणि मर्यादा दोन्ही येथेच आहेत. तो चुकत नाही. डेव्हिसने चिरलेला कागदसुद्धा त्याच्या यादीत एका क्रमांकाखाली मिळतो. पण नवा कागद चिरणारा हात यादीत मिळत नाही.

३

आपल्या संगीतात हाच प्रश्न तंबोऱ्याच्या रूपाने आला आणि फारसा गाजावाजा न होता निकालात निघाला. मिरजेचे तंबोरे एकोणिसाव्या शतकापासून प्रसिद्ध आहेत. २०२४ साली तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतात खास पिकवलेला कडू भोपळा, तुणीचे लाकूड, आणि घोडीवर तारेखाली सारलेला सुताचा धागा हा त्याचा संसार. तो धागा केसभर इकडेतिकडे सरकवला की जवारी खुलते, नाहीतर तार मुकी राहते. १९७९ साली बंगळुरात इलेक्ट्रॉनिक तंबोरा निघाला, आणि आता तर तो खिशातल्या फोनमध्ये येऊन बसला आहे.

या पेटीची निंदा करणे सोपे आहे, पण अन्यायाचे होईल. तालुक्याच्या गावी गाणे शिकणाऱ्या मुलीला मिरजेचा तंबोरा परवडत नाही. परवडला तरी तो जुळवून देणारा माणूस मिळत नाही. पेटीने तिला सा दिला. तिच्या आधीच्या पिढीतल्या कित्येक मुलींना तोही मिळाला नव्हता.

मग गमावले काय? मैफलीत कान देऊन ऐकले तर फारसे काही गमावल्याचे जाणवणार नाही. कारण जे गमावले ते मैफलीच्या आधीचे आहे. तंबोरा जुळवताना गाणारा दहा मिनिटे गप्प बसून ऐकतो. पंचम किंचित उतरला आहे, तो चढवतो. हवेतल्या ओलाव्याने जोड ढिली झाली आहे, ती आवळतो. धागा सरकवतो, पुन्हा ऐकतो. त्या दहा मिनिटांत वाद्य तयार होते, आणि त्याहून अधिक म्हणजे गाणाऱ्याचा कान तयार होतो. पेटीचे बटण दाबल्याबरोबर सूर मिळतो. तो तिला आयता मिळतो आणि गाणाऱ्यालाही आयताच मिळतो. मॉडेलरच्या वादात जी गोष्ट क्वचितच बोलली जाते ती ही. नक्कल ऐकणाऱ्याला फसवते की नाही हे सगळे तपासतात. वाजवणाऱ्याचे शिक्षण ती कोठे गाळते हे कोणी तपासत नाही.

४

आता आमच्या डोंगराकडे वळू. तारपा हे वारली, कोकणा, ठाकर, मल्हार कोळी या आमच्याकडच्या लोकांचे वाद्य. वाळवलेला दुध्या भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या आणि त्यांच्या जिभल्या, सांधे बुजवायला मधमाश्यांचे मेण, आणि पुढे ताडाची पाने गुंडाळून केलेला लांब कर्णा. भोपळा आणि कर्णा! गिटारवाल्यांचा अँप आणि स्पीकर आमच्याकडे एकाच वाद्यात, विजेवाचून, कधीचेच नांदत आहेत. तारपकरी नाकाने श्वास घेत आणि तोंडाने सोडत फुंक तुटू न देता वाजवतो. भात कापून झाले की तारपे बाहेर निघतात. तारपकरी मध्ये, त्याच्याभोवती एकमेकांच्या कमरेला हात घातलेल्या स्त्री-पुरुषांची साखळी. त्याने चाल बदलली की पाऊल बदलते. पावले जड झाली की त्यालाही ते कळते आणि चाल बदलते. तारप्याला कोणी पाठ दाखवत नाही. गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांनी हे रिंगण असंख्य वेळा रंगवले. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये ते वारले. त्यांच्या चित्रातल्या त्या वेटोळ्यातून मधला तारपकरी पुसून पाहावा: माणसे तितकीच राहतात, पण ती का फिरत आहेत ते कळेनासे होते.

आता लग्नात टेम्पोवर जनरेटर, स्पीकरची भिंत आणि एक कीबोर्ड येतो. त्या कीबोर्डात तारप्याचा आवाज भरलेला असतो. वाजवणारा मुलगा त्याला ‘टोन’ म्हणतो. टोन वाईट नसतो. मांडवाच्या गोंगाटात तो तारपा नाही हे सांगणे कठीणच. पण तीन गोष्टी बदललेल्या दिसतात. टोनला श्वास लागत नाही, म्हणून दमही लागत नाही. चाल पहाटेपर्यंत एकाच वेगाने धावते, आणि नाचणारे थकले तर ते त्यांचे त्यांनी पाहावे. टोनला ऋतू नाही. भात पोटरीत असो की खळ्यात, बटण तेच. आणि तिसरी गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते: आवाज मध्यातून निघून कडेला गेला आहे. टेम्पो रस्त्याच्या कडेला उभा राहतो, माणसे त्याच्याकडे तोंड करून नाचतात, आणि रिंगणाची रांग होते. शाळांच्या स्नेहसंमेलनात तर पेन ड्राइव्हवरच्या तारप्यावर मुले प्रेक्षकांकडे तोंड करून नाचतात. तारप्याला पाठ दाखवायची नाही हा नियम मोडण्याचीही सोय उरलेली नाही, कारण पाठ दाखवायला तारपाच नसतो.

वाळवंडा गावचे भिकल्या लाडक्या धिंडा यांचे नाव २०२६ च्या पद्मश्रीच्या यादीत आले तेव्हा साऱ्या जव्हार तालुक्याला धन्य वाटले. वयाची नव्वदी ओलांडलेल्या एका तारपकऱ्याच्या फुंकेचा तो मान होता. मान मिळाला, हे उत्तमच. पण मानाबरोबर सुपारी मिळते की नाही, म्हणजे लग्नाला, सणाला, संमेलनाला तारपकऱ्याला बोलावणे येते की नाही, यावर तारप्याचे पुढचे आयुष्य अवलंबून आहे. ज्याच्या आवाजाचा टोन झाला, त्याला बोलावण्याची गरज लोकांना वाटेनाशी होते. गिटारीच्या जगात अँप बनवणारे अजून आहेत, म्हणून मॉडेलरला नवनवी चित्रे काढता येतात. तारपे बनवणारे हात उरले नाहीत, तर पुढच्या कीबोर्डात टोनाचाच टोन भरावा लागेल.

मग कीबोर्डवाल्या मुलाला दोष द्यायचा काय? मला तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण आमच्याच मातीत आहे. जव्हार-मोखाड्याकडे उन्हाळ्यात बोहाडा होतो. रात्री मशालींच्या उजेडात, संबळ-सनईवर, देव-दानवांचे मुखवटे चढवून माणसे नाचत येतात. त्याला आम्ही सोंग म्हणतो. गणपतीचे सोंग, नरसिंहाचे सोंग, रावणाचे सोंग. शहरी मराठीत सोंग म्हणजे ढोंग. आमच्याकडे सोंग हा मान आहे, आणि अमुक सोंग अमुक घराण्याचे असे ते पिढ्यान्‌पिढ्या चालते. मुखवटा म्हणजे देव नव्हे हे पाहणाऱ्या लहान पोरालाही ठाऊक असते. तरी सोंग आले की हात जोडले जातात. का? तर मुखवट्याच्या आत एक माणूस आहे, तो ते ओझे डोक्यावर पेलतो आहे, घामाने निथळतो आहे, संबळाला पावलाने उत्तर देतो आहे. तोच मुखवटा दुसऱ्या दिवशी भिंतीवर टांगला की ते रंगवलेले सामान असते. नक्कल आणि अस्सल यांचा याहून नेमका विचार मला कोणत्याही पुस्तकात सापडलेला नाही.

या कसोटीवर गिटारवाल्याचा मॉडेलरही सोंगच आहे, आणि सोंग म्हणून त्याला तुच्छ लेखण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच की आत कोणी आहे काय, आणि तो ओझे पेलतो आहे काय. कीबोर्डवरचा एखादा मुलगा कधी कधी टोनाशी झगडू लागतो. तारपा जिथे जाऊ शकत नाही अशा वरच्या पट्टीत चाल नेतो, मध्येच बेंजोची लकब आणतो, नाचणाऱ्यांकडे पाहून हात आवरतो. तेव्हा जे वाजते ते तारप्यासारखे नसते. पण ते जिवंत असते. उलट तो जितका हुबेहूब तारपा वाजवू पाहतो तितका निर्जीव होतो. मार्शलचा अँप ज्या वाटेने अस्सल झाला ती वाट त्यालाही मोकळी आहे. मात्र त्याच्या यशाने तारप्याची जागा भरली असे मानू नये. ते दुसरे वाद्य झाले. पहिल्याचा मध्य रिकामाच राहिला.

५

हा लेख साहित्याच्या पानांत का, असे विचारणाऱ्यासाठी शेवटी दोन शब्द. मी कादंबऱ्या लिहितो, म्हणून हा टोनाचा आजार मला आमच्या धंद्यातही दिसतो. आदिवासी पाडा, चार बोलीतले शब्द, एक तारपा, एक दारूचा घोट, सावकाराचा एक जुलूम, एवढे मिसळले की ‘प्रादेशिक’ कादंबरीचा टोन तयार होतो. परीक्षकांना तो ओळखता येत नाही, कारण तो खोटा नसतोच. प्रत्येक शब्द खरोखर कोणीतरी बोललेला असतो. पण ती बोली फक्त मायक्रोफोनने ऐकलेली असते. तिच्यात माणसे एकमेकांना उत्तर देत नाहीत, वाचकाला ऐकवण्यासाठी बोलतात. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ ची. तिच्यातला तरुण मास्तर वाडीची बोली पांघरून गोष्ट सांगत नाही. साध्या, नितळ मराठीत सांगतो. तरीही वाडी त्याला उत्तर देते, कधी नाकारते, कधी बदलते, आणि शेवटी दुष्काळात त्याच्यादेखत उठून जाते. सोंग हलके आहे, पण आत माणूस आहे.

म्हणून समीक्षकाने आणि रसिकाने ‘हे खऱ्यासारखे आहे का?’ हा प्रश्न आता बाजूला ठेवावा. यंत्रे त्याचे उत्तर दर वर्षी अधिक ठामपणे ‘होय’ असे देणार आहेत. त्याऐवजी दुसरे प्रश्न विचारावेत. हे वाजवताना समोरून उत्तर येते काय? वाजवणाऱ्याचा कान, श्वास, हात यांतले काय शिकायचे राहून गेले? आणि ज्याची ही प्रतिकृती आहे त्याच्या घरी अजून चूल पेटते काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर संगीतशास्त्राच्या हाती नाही. ते तुमच्या-आमच्या हाती आहे. स्पीकरच्या भिंतीला जे भाडे आपण मोजतो त्याचा लहानसा हिस्सा तारपकऱ्याला दिला, टेम्पो जरा लांब उभा केला आणि त्याला मध्ये उभे राहण्यापुरती जागा सोडली, तर रिंगण धरायला कोणाला शिकवावे लागत नाही. निदान आमच्याकडे अजून लागत नाही.